मर रोग आणि टोमॅटोच्या पानातला उजेड : प्रकल्प नोंदी

२८ डिसेंबर २०२४, कुडाळ

भात कापून झाल्यावर काकाने खालच्या कोपऱ्यात टोमॅटो आणि वांगी लावली होती. काल दुपारी टोमॅटोच्या तिसऱ्या सरीतल्या चार झाडांनी माना टाकल्या. रात्रीच्या गारव्यात जरा सावरली, आज दहाच्या उन्हात पुन्हा तशीच. पानं पिवळी नाहीत, डाग नाहीत, अळी नाही. हिरवंगार झाड उभ्या उभ्या मरतं आहे.

एक झाड उपटलं. जमिनीलगतच्या खोडाचा वीतभर तुकडा तिरका कापला आणि टोक पाण्यात बुडेल असा काचेच्या पेल्यात धरला. दोन-तीन मिनिटांत कापलेल्या टोकातून दुधाळ धागा खाली उतरू लागला. म्हणजे जिवाणूजन्य मर, राल्स्टोनिया सोलानासिअरम. मुळाच्या जखमेतून किंवा नवं उपमूळ फुटतं त्या फटीतून हा जिवाणू आत जातो, पाणी वाहून नेणाऱ्या नळ्यांत वाढतो आणि स्वतःच्या चिकट द्रवाने त्या तुंबवतो. झाड तहानेने मरतं. मातीत ओल असली तरी.

काका पेल्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "एवढा सगळा आत भरला, नि झाडाक काय्येक कळला नाय?"

मी म्हटलं, कळतं. पुढे काही बोलता आलं नाही. वनस्पतींच्या रोगप्रतिकारावर दोन वर्षं शिकते आहे, पेपर लिहिले आहेत, पण हा पेला हातात असताना मला एक सरळ वाक्य सापडलं नाही. एम. एस्सी.च्या शेवटच्या सत्राचा प्रकल्प अजून ठरलेला नाही. आता ठरला.

४ जानेवारी २०२५, पुणे

माझ्या मार्गदर्शक मॅडमना पेल्याचा फोटो दाखवला. त्यांनी आधी एक दार बंद केलं: जिवंत राल्स्टोनिया या प्रयोगशाळेत येणार नाही. मातीत गेला तर वर्षानुवर्षं निघत नाही आणि आपल्याकडे तशी बंदिस्त सोय नाही. मान्य. पण जिवाणू न आणताही त्याचा वास झाडाला देता येतो. झाड जिवाणूला ओळखतं ते त्याच्या एखाद्या प्रथिनाच्या छोट्या तुकड्यावरून. तो तुकडा, म्हणजे पेप्टाइड, बाहेरून बनवून घेता येतो.

तीन पेप्टाइडं ठरली. पहिलं फ्लॅग-२२: जिवाणूच्या पोहण्याच्या शेपटीतल्या, फ्लॅजेलिन नावाच्या प्रथिनातले २२ अमिनो आम्लांचे मणी, स्यूडोमोनास या दुसऱ्या जिवाणूचे. दुसरं तेच, पण राल्स्टोनियाच्या शेपटीतलं. तिसरं सीएसपी-२२: थंडीच्या धक्क्याला तोंड देताना जिवाणू जे प्रथिन वापरतात त्यातला तुकडा, तोही राल्स्टोनियाचा.

मोजायचं काय? पेशीला जिवाणूची चाहूल लागली की काही मिनिटांत ती बाहेरच्या बाजूला हायड्रोजन पेरॉक्साइड सोडते. ते ल्युमिनॉल या रसायनाला भेटलं की निळसर प्रकाश निघतो. आपल्या डोळ्यांना दिसत नाही इतका मंद, पण यंत्राला दिसतो.

७ जानेवारी

पुसा रुबी आणि अर्का रक्षक पेरले, प्रत्येकी ४० कप. अर्का रक्षक बेंगळुरूच्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेचा संकर आहे. पर्णगुच्छाचा विषाणू, जिवाणूजन्य मर आणि लवकर येणारा करपा, या तिन्हींना तो दाद देत नाही. पुसा रुबी जुनी, सगळ्यांना माहीत असलेली, मरला बळी पडणारी. शिवाय अॅराबिडॉप्सिसचं, म्हणजे प्रयोगशाळांत नेहमी वापरल्या जाणाऱ्या मोहरीच्या कुळातल्या छोट्या रोपाचं, बी दोन प्रकारचं: कोलंबिया आणि वासिलेव्स्किया. ते का, ते पुढे.

१६ जानेवारी

रोपं वाढताहेत, तोवर वाचन. वहीत जे उतरवलं ते इथे नीट मांडते, कारण काकाला सांगायचं तर आधी मला माझ्याच शब्दांत सांगता आलं पाहिजे.

आपल्या रक्तात पांढऱ्या पेशी फिरतात. एखादी गस्त घालणारी पेशी जंतू शोधते आणि बाकीच्यांना बोलावते. झाडात तसं फिरणारं कोणी नाही. प्रत्येक पेशी भिंतीत चिणलेली आहे, म्हणून प्रत्येकीला स्वतःच ओळखावं लागतं आणि स्वतःच वागावं लागतं. पानाच्या इवल्याशा तुकड्यातली प्रत्येक पेशी हे सगळं सामान बाळगून असते. मला हे वाचून नेहमी थक्क व्हायला होतं.

पेशीच्या पटलात एफएलएस-२ नावाचं ग्राही प्रथिन, म्हणजे बाहेरची खूण ओळखणारं प्रथिन, रुतलेलं असतं. त्याचा मोठा भाग बाहेर, वळलेल्या कमानीसारखा. एक दांडा पटलातून आरपार. आणि आतल्या बाजूला कायनेज. कायनेज म्हणजे दुसऱ्या प्रथिनावर फॉस्फेट चिकटवणारं प्रथिन. फॉस्फेट चिकटलं की त्या प्रथिनाचा आकार आणि विद्युतभार बदलतो आणि ते कामाला लागतं किंवा थांबतं. पेशीतल्या बहुतेक निरोपांची भाषा हीच आहे.

एफएलएस-२ चं जनुक २००० साली स्वित्झर्लंडमधल्या बासेलच्या गटाने शोधलं. २०१३ साली त्याची रचना स्फटिकातून दिसली आणि एक सुंदर गोष्ट कळली. फ्लॅग-२२ नुसतं कमानीत जाऊन बसत नाही. त्याचं एक टोक शेजारच्या बॅक-१ या प्रथिनालाही चिकटतं. जिवाणूचा तुकडाच दोघांना जोडणारा डिंक होतो. दोघांची आतली कायनेजं जवळ आली की एकमेकांवर फॉस्फेट लावतात आणि निरोप सुटतो.

पुढचं फार झपाट्याने घडतं. पटलालगत बिक-१ नावाचं छोटं कायनेज टेकलेलं असतं. ते जागं होऊन सुटतं आणि आरबीओएच-डी या विकरावर फॉस्फेट लावतं. हे विकर ऑक्सिजनला इलेक्ट्रॉन देऊन पेशीच्या बाहेर पेरॉक्साइड बनण्याची वाट उघडतं. माझ्या यंत्राला दिसणारा उजेड इथला. त्याच सुमारास कॅल्शियमचे आयन पेशीत घुसतात. तिसरी वाट तीन कायनेजांच्या साखळीची: पहिलं दुसऱ्याला, दुसरं तिसऱ्याला फॉस्फेट देतं आणि शेवटची एमपीके-३ व एमपीके-६ निरोप केंद्रकापर्यंत नेतात. तिथे डब्ल्यूआरकेवाय कुळातली प्रथिनं डीएनएवर बसून संरक्षणाची जनुकं उघडतात.

पर्णरंध्रंही मिटतात. हे २००६ साली दिसलं. ही छिद्रं वाफ सोडण्यासाठी आणि हवा घेण्यासाठी असतात एवढंच आपण शाळेत शिकतो, पण जिवाणू पानावर उतरला की झाड ती लावून घेतं. आणि टोमॅटोवर ठिपके पाडणारा स्यूडोमोनास कोरोनाटिन नावाचं विष सोडून ती पुन्हा उघडायला लावतो. दोघांना एकमेकांची घरं आतून माहीत आहेत.

३० जानेवारी

पहिली प्लेट, म्हणजे ९६ छोट्या खाचांची ताटली, वाया. ४ मिलिमीटरच्या पंचने पानांच्या चकत्या काढल्या, लगेच ल्युमिनॉल घातलं, आणि ९६ च्या ९६ खाचा उजळल्या. नुसतं पाणी घातलेल्यासुद्धा. कापणं हीच पानाच्या दृष्टीने जखम आहे आणि जखमेलाही तेच पेरॉक्साइड. चकत्या रात्रभर पाण्यावर तरंगत ठेवायच्या, म्हणजे कापल्याचा गलका निवतो, असं पद्धतीत स्पष्ट लिहिलेलं असताना मी घाई केली.

१ फेब्रुवारी

काल संध्याकाळी कापलेल्या चकत्या रात्रभर पाण्यावर, खालची बाजू खाली. सकाळी पाणी अलगद काढलं, ल्युमिनॉल, पेरॉक्सिडेज (उजेड वाढवणारं विकर) आणि १०० नॅनोमोलर फ्लॅग-२२ घातलं. पाण्याच्या १२ खाचा, पेप्टाइडच्या १२.

पहिली तीन मिनिटं काही नाही. मग आलेख उचलला. चौदाव्या मिनिटाला शिखर, चाळिसाव्याला पुन्हा जवळपास तळाला. पाण्याच्या खाचा सपाट.

मी पडद्यासमोरून उठले नाही. तीन आठवड्यांच्या रोपाच्या पानाचा नखाएवढा तुकडा, मुळापासून तुटलेला, आणि तरी त्याला शेपटीचे २२ मणी ओळखता आले. ते माझ्यासमोर घडलं.

एकाच पानाच्या दोन चकत्यांत दुपटीचा फरक येतो, म्हणून १२ पेक्षा कमी चकत्यांवर काही बोलायचं नाही असं ठरवलं आहे.

आलेख खाली का येतो, हे मॅडमनी विचारलं. मला वाटलं पेप्टाइड संपत असेल. तसं नाही. पेशी स्वतःच निरोप बंद करते. काम झालेलं एफएलएस-२ पटलावरून आत ओढून घेतलं जातं, त्याच्यावर युबिक्विटिनची खूण लावली जाते आणि ते मोडीत निघतं. ही खूण लावणाऱ्या प्रथिनांना बॅक-१ च फॉस्फेट देऊन कामाला लावतं. म्हणजे जो निरोप सुरू करतो तोच तो थांबवण्याचीही व्यवस्था करून ठेवतो. माझं अर्धं लक्ष आता या उतरणीकडेच आहे.

५ फेब्रुवारी

राल्स्टोनियाचं फ्लॅग-२२: काही नाही. पाण्याइतकं सपाट. मात्रा दहापट केली, तरीही नाही.

हे अपेक्षित होतं. त्या २२ मण्यांतले काही राल्स्टोनियाने बदलून घेतले आहेत. शेपूट पोहायला कामाची राहते, पण टोमॅटोच्या ग्राहीत बसत नाही. तरी वाचलेलं आणि स्वतःच्या प्लेटवर पाहिलेलं यात फरक असतो. काकाच्या सरीतलं झाड आठवलं.

अपेक्षित नव्हतं ते हे: सीएसपी-२२ लाही काही नाही. टोमॅटोत त्याचं ग्राही आहे, कोअर नावाचं. २०१६ साली सापडलं. राल्स्टोनियाचं सीएसपी-२२ वांग्याच्या कुळातल्या झाडांना कळतं हे २०१८ साली दाखवलं गेलं. मग माझ्या चकत्यांना का नाही? पेप्टाइड खराब झालं असेल का?

मॅडमनी पहिलाच प्रश्न केला, रोपं किती दिवसांची? एकोणतीस. त्या म्हणाल्या, तंबाखूच्या नात्यातल्या बेंथामियाना या झाडाला सीएसपी-२२ लहानपणी कळत नाही, वय वाढल्यावर कळू लागतं. आपली रोपंही तशी असतील तर थांबून बघ. पेप्टाइड फेकू नकोस.

६ फेब्रुवारी

रात्री काकाचा फोन. कालचं सांगितलं: या जिवाणूची शेपूट टोमॅटोच्या झाडाला ओळखता येत नाही.

"मगे दुसऱ्या खंयच्या झाडाक येता?"

इतका नेमका प्रश्न मला वर्गात कोणी विचारला नव्हता. सोयाबीनला येतं. २०२० साली दिसलं की सोयाबीनचं एफएलएस-२ राल्स्टोनियाचे बदललेले मणीही पकडतं. त्याआधी, २०१० साली, मोहरीच्या कुळातल्या झाडांतच असणारं ईएफआर हे ग्राही टोमॅटोत घातलं गेलं. ते जिवाणूचं आणखी वेगळं प्रथिन ओळखतं. टोमॅटोने ते कधीच पाहिलेलं नव्हतं, तरी ते टोमॅटोच्या आतल्या साखळीला बरोबर जोडलं गेलं आणि ती झाडं राल्स्टोनियासमोर टिकली. मला यातलं मोठं वाटतं ते हे, की दोन कुळं कोट्यवधी वर्षांपूर्वी वेगळी झाली तरी आतले निरोप्ये अजून एकमेकांची भाषा बोलतात. बाहेरचा कान तेवढा निराळा.

काकाला एवढं सगळं सांगितलं नाही. सोयाबीनचं सांगितलं. तो म्हणाला, "आमच्याकडे सोयाबीन खंय होता," आणि भाताच्या दराचं बोलायला लागला.

२० फेब्रुवारी

चव्वेचाळीस दिवसांची रोपं, पहिले घोस फुलताहेत. सीएसपी-२२ घातलं. उजेड आला! फ्लॅग-२२ पेक्षा कमी, शिखर जरा उशिरा, पण १२ पैकी १२ खाचांत.

तेच पेप्टाइड, तीच बाटली, त्याच पेरणीची झाडं. मधले पंधरा दिवस फक्त. काकाला संदेश पाठवला: झाडाला कळतं, पण मोठं झाल्यावर.

२१ फेब्रुवारी

आज मन खट्टू आहे. पुसा रुबी आणि अर्का रक्षक शेजारी शेजारी लावले. मर येणारी आणि मर न येणारी. दोघींच्या आलेखांत फरक नाही. दुसऱ्यांदा लावले, तेव्हाही नाही. माझ्या मनात पक्कं होतं की टिकणाऱ्या झाडाचा उजेड जास्त असणार. प्रकल्पाचं शीर्षकही मी त्यावरच बेतलं होतं.

मॅडमनी आलेख पाहिले आणि म्हणाल्या, हा निकाल आहे, चूक नाही. तू पहिली चाहूल मोजली आहेस. चाहूल दोघींना लागते. पुढे जिवाणू काय करतो ते यात नाही.

ते खरंच आहे. राल्स्टोनिया सुईसारख्या यंत्रणेतून स्वतःची सत्तरच्या आसपास प्रथिनं पेशीच्या आत ढकलतो. ती नेमकी याच साखळीचे दुवे तोडायला येतात: कोणी कायनेजला गप्प करतं, कोणी बॅक-१ चा ताबा घेतं, कोणी थेट केंद्रकात जातं. उजेड लागून गेलेला असतो आणि निरोप वाटेत मारला जातो.

याच्यावर झाडांकडे दुसरी फळी आहे, पेशीच्या आतली ग्राही. त्यातलं एक उदाहरण मला राहून राहून आठवतं, आणि ते राल्स्टोनियाचंच आहे. पॉप-पी-२ हे त्याचं प्रथिन डब्ल्यूआरकेवाय प्रथिनांवर अॅसिटिलचा गट चिकटवतं; त्यांना मग डीएनएला धरता येत नाही आणि संरक्षणाची जनुकं बंद राहतात. अॅराबिडॉप्सिसच्या काही वाणांत आरआरएस-१ नावाचं आतलं ग्राही आहे. त्याच्या शेवटी डब्ल्यूआरकेवायचा एक तुकडा जोडलेला असतो. तो जनुकं उघडण्याच्या कामाचा नाही. तो उंदराच्या सापळ्यातलं खोबरं आहे. पॉप-पी-२ नेहमीचं खाद्य समजून त्याला लागतं आणि जोडीदार आरपीएस-४ सकट सापळा मिटतो. हे २०१५ साली उलगडलं. झाडाने शत्रूच्या तोंडी जे लागतं तेच पहारेकऱ्याच्या अंगावर बांधून ठेवलं.

सापळा मिटतो म्हणजे काय होतं, तेही आता डोळ्यांना दिसलं आहे. २०१९ साली झार-१ या दुसऱ्या आतल्या ग्राहीची रचना प्रसिद्ध झाली. पाच झार-१ एकत्र येऊन चक्र बनवतात, चक्राच्या मधून एक नळकांडं वर येतं आणि ते पेशीच्या पटलात घुसतं. त्यातून कॅल्शियम आत येतं. त्यानंतर ती पेशी सहसा स्वतः मरते, आतल्या जिवाणूला घेऊन.

अर्का रक्षक नेमकं कशामुळे तगतो, हे माझ्या प्लेटला सांगता येणार नाही. शीर्षक बदललं.

५ मार्च

वाढकक्षाचा एसी दोन दिवस बंद होता, तापमान ३१ अंशांपर्यंत गेलं. या आठवड्याचे आकडे धरायचे नाहीत. पण कारण लिहून ठेवते: २८ अंशांच्या वर अॅराबिडॉप्सिसमध्ये सॅलिसिलिक आम्ल, म्हणजे झाडाचं संरक्षणाचं संप्रेरक, पुरेसं बनत नाही. सीबीपी-६०-जी हे जनुक उष्म्याने मंदावतं, आणि २०२२ साली ते जनुक सतत चालू ठेवल्यावर गरमीतही संरक्षण परत आलेलं दाखवलं गेलं. राल्स्टोनियाला स्वतःला मात्र ऊब मानवते. कोकणात फेब्रुवारी-मार्चला मर वाढते त्याचं अर्धं उत्तर जिवाणूत आणि अर्धं झाडात असावं असं मला वाटतं.

१५ मार्च, कुडाळ

शिमग्याला घरी. पडवीत एक बाटली दिसली: झाडाची प्रतिकारशक्ती कायम जागी ठेवणारं टॉनिक, दर आठ दिवसांनी फवारायचं. बाटलीवर घटक लिहिलेले नाहीत. काकाने ती तालुक्याहून आणली होती, तिची किंमत ऐकून आजी गप्प बसली होती. मला राग आला, पण काकावर नाही. त्याची तीस झाडं गेली आहेत, त्याला काहीतरी करायचं आहे.

मी फक्त म्हटलं, कायम जागं ठेवणं झाडाच्या भल्याचं आहे की नाही, ते मी दोन आठवड्यांत दाखवते. त्यासाठी अॅराबिडॉप्सिस लावलंच आहे.

मग तो सहज म्हणाला, "रोग मुळातसून येता मां? मगे तू पाना कित्याक तपासतस?"

मला रात्री झोप लागली नाही. दीड महिना मी पानं कापते आहे.

२९ मार्च, पुणे

अॅराबिडॉप्सिसचा निकाल. पाच दिवसांची रोपं द्रव खाद्यात, अर्ध्या खाचांत फ्लॅग-२२, अर्ध्यांत नाही. दहा दिवसांनी वजन केलं.

कोलंबियाची फ्लॅग-२२ मधली रोपं खुरटली: पानं लहान, मुळं आखूड, वजन निम्म्याहून कमी. इथे एकही जिवाणू नव्हता, झाडाला काही आजार नव्हता. फक्त जिवाणू आल्याची खबर सतत मिळत होती.

वासिलेव्स्किया दोन्हीकडे सारखीच टवटवीत. या वाणाचं एफएलएस-२ मुळातच निकामी आहे. त्याला खबर ऐकूच येत नाही, म्हणून तो खुरटलाही नाही. म्हणजे खुरटणं पेप्टाइडच्या विषारीपणाने नव्हतं. खबर ऐकणाऱ्या झाडानेच स्वतःची वाढ थांबवली होती. हा ताळा बघण्यासाठी हे बी मागवलं होतं.

दोन्ही खाचांचे फोटो काकाला पाठवले, खाली लिहिलं: डावीकडच्याला दहा दिवस जागं ठेवलं. तासाभराने उत्तर आलं: "बाटली परत करून इलय."

८ एप्रिल

मुळं. काकाचा प्रश्न मॅडमपुढे ठेवला. त्यांनी २०२० साली लोझानच्या गटाने केलेलं काम वाचायला दिलं, आणि दोन दिवस मी दुसरं काही वाचलं नाही.

अॅराबिडॉप्सिसच्या मुळाचा बराचसा भाग फ्लॅग-२२ घातलं तरी गप्प राहतो. विचार केला की पटतं. चमचाभर मातीत कोट्यवधी जिवाणू असतात आणि त्यातले बहुतेक निरुपद्रवी. मूळ प्रत्येकाला बिचकलं असतं तर माझ्या खुरटलेल्या कोलंबियासारखं झालं असतं. मग मूळ ऐकतं कधी? त्या गटाने मुळाची एकच पेशी लेझरने मारली. शेजारच्या पेशींनी लगेच ग्राही बनवली आणि आता त्या फ्लॅग-२२ ला उत्तर देऊ लागल्या. जखम आणि जिवाणू दोन्ही एकाच जागी आले तरच.

राल्स्टोनिया मुळाच्या जखमेतून आत येतो. म्हणजे ज्या जागी झाडाचे कान उघडतात त्याच जागी दार उघडलेलं असतं. या दोन गोष्टींपैकी आधी कोणती पोहोचते, यावर सगळं असावं. हे माझं अनुमान आहे, कुठे वाचलेलं नाही.

१९ एप्रिल

काकाने स्वतःहून एक काम सुरू केलं आहे. मरलेल्या टोमॅटोच्या शेजारच्या वांग्यांपैकी सात झाडं शेवटपर्यंत उभी होती. त्यांचं बी धरलं. हा माणूस चाळीस वर्षं आंब्याची कोय कलमं बांधतो आहे, त्याला वांग्याच्या खुंटावर टोमॅटोची पाचर बसवायला शिकवावं लागलं नाही. तैवानच्या जागतिक भाजीपाला केंद्राने मरसाठी निवडक वांग्यांच्या खुंटांची शिफारस फार आधीपासून केलेली आहे, हे मी सांगितलं. तेव्हा तो म्हणाला, नाव लिहून दे, बी खंय मिळता ता बघूया.

मॅडमचं म्हणणंही कळवलं: सात झाडं एका हंगामात वाचली म्हणजे ती टिकणारी आहेत असं नाही, जिवाणू त्या जागी पोहोचलाच नसेल. बी वेगळं ठेव, त्याच खाचरात आधी थोडं लावून बघ.

३ मे

मुळांची पहिली प्लेट. आडव्या अगरवर (जेलीसारख्या थरावर) वाढवलेली पुसा रुबीची कोवळी रोपं, मुळासकट अखंड खाचांत. चार प्रकार: नुसतं पाणी, सीएसपी-२२, बारीक सुईने टोचून पाणी, टोचून सीएसपी-२२.

रोपं लहान आहेत आणि सीएसपी-२२ लहान पानांना कळत नव्हतं, म्हणून फ्लॅग-२२ चाही एक संच ठेवला. तेच शहाणपणाचं ठरलं. सीएसपी-२२ चे चारही सपाट. फ्लॅग-२२ मध्ये अखंड मुळं जवळपास गप्प, टोचलेली मुळं थोडी उजळली. पण १२ पैकी पाच खाचांत मूळ पिळवटलं गेलं होतं, त्यातला उजेड नुसत्या जखमेचाच असणार. आज काही बोलता येत नाही. सुई बदलायची: कीटक टोचायची सगळ्यांत बारीक, सूक्ष्मदर्शकाखाली, एकाच जागी. टोचल्यावर चार तास थांबून मग पेप्टाइड.

संध्याकाळी काकाला फोन केला. तो ऐकत होता. मग म्हणाला, "म्हणजे भर घालताना मुळा तुटतत ती चांगली की वायट?"

मी म्हटलं, माझ्या प्लेटमध्ये अजून उत्तर नाही. पण तुझ्या खाचरात तो जिवाणू आहे हे पेल्यात दिसलं आहे, तेव्हा येत्या हंगामात झाडाच्या बुंध्याशी खोल खणू नकोस, माती वरून ओढून घाल.

मंगळवारी नवी प्लेट. २४ रोपं अगरवर घातली आहेत.